पोटाचा पासपोर्ट

तीस वर्षं मी लोकांना परत पाठवण्याचं काम केलं. तालुक्याच्या कचेरीत दाखल्यांच्या टेबलावर होतो, आणि शेवटी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. उत्पन्नाचा, रहिवासाचा, वारसाचा, जो म्हणाल तो दाखला माझ्या सहीनं पुढं सरकायचा, आणि माझी सही सहजासहजी मिळत नसे. अर्जाला सात कागद जोडलेले असले की मी आठवा मागायचो. वाईट हेतूनं नाही हो. नियमात बसेल तेवढं करायचं, याखेरीज मला दुसरं काही येतच नव्हतं. माझी बायको मंगल म्हणायची, "तुमच्यापुढं साक्षात देव उभा राहिला तरी त्याला रहिवासी दाखला मागाल." मागणारच, मी म्हणायचो, त्याचा पत्ता कुठं पक्का असतो?

मंगल जाऊन चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. एप्रिलमधल्या एका सकाळी मी चहा गाळत होतो आणि सानिकाचा फोन आला. सानिका आमची एकुलती एक लेक. हिंदी महासागरातल्या पेत्रेल नावाच्या बेटावर दवाखान्यात नर्स आहे. आठ वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या करारावर गेली आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या तिथल्याच तेओ नावाच्या मुलाशी लग्न करून राहिली.

"अण्णा, हातात काय आहे?"

"चहाचं पातेलं."

"ते आधी खाली ठेवा."

मी ठेवलं. तिला तिसरा महिना लागला होता. ऑक्टोबरची अठरा तारीख दिली होती. मी काहीतरी बडबडलो, देवाला साखर ठेवतो म्हणालो, तेओला आशीर्वाद सांग म्हणालो. पहिलं बाळंतपण आईकडं, ही आपल्याकडची रीत. पण तिला येता येणार नव्हतं, आणि आली असती तरी इथं आई नव्हती.

"मग तुम्ही या," ती म्हणाली. "आई असती तर आली असती ना? तिच्या जागी तुम्ही या. इथले लोक चांगले आहेत, तेओ तर फारच चांगला आहे. पण मला त्या वेळी आपलं माणूस पाहिजे, अण्णा."

आणि ती गप्प झाली. सानिका बोलता बोलता गप्प झाली की रडत असते, हे मला ती पाच वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.

"येतो," मी म्हणालो. माझ्याकडं पासपोर्ट नव्हता. आयुष्यात मी समुद्र दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा पाठमोरा होऊन फोटो काढून घेतला होता.

पेत्रेलच्या वकिलातीनं कागदांची यादी पाठवली. अकरा कागद. यादी वाचून मला, खोटं कशाला बोलू, आदर वाटला. हे माझ्या तालमीतले लोक होते. पासपोर्ट, मुलीचं निमंत्रणपत्र, तिचा रहिवास, नात्याचा पुरावा, परतीचं तिकीट, डॉक्टरांचं पत्र वगैरे नेहमीचं होतंच. वापरलेलं कापड आणायचं नाही, अशी हमी होती. मी मंगलच्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून घ्यायला टाकली होती, ती तशीच शिंपिणीकडून परत आणली. आणि सातव्या क्रमांकावर होता सहजीव दाखला. लोक त्याला पोटाचा पासपोर्ट म्हणतात.

पण पोटाच्या आधी माणसाचा पासपोर्ट मिळायला हवा, आणि तिथंच माझं घोडं अडलं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून आहे. माझ्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळा जूनमध्ये भरायच्या, आईबापांना तारीख आठवायची नाही, मग गुरुजी पोराचा हात डोक्यावरून कानाला पुरतो का बघायचे आणि एक जून लिहून टाकायचे. पण ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत कुण्या दक्ष माणसानं माझी खरी तारीख लिहून ठेवली होती, नऊ नोव्हेंबर. संगणकानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि निकाल दिला की ही दोन वेगळी माणसं आहेत.

असे एक जूनवाले मी स्वतः किती परत पाठवले असतील, याचा हिशोब नाही. एक म्हातारी मला म्हणाली होती, "साहेब, मी जन्मले ते खरं हाय न्हवं? मग कवा जन्मले त्यानं काय हुतंय?" मी तिला प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं होतं. आता प्रतिज्ञापत्रासाठी मी माझ्याच जुन्या कचेरीत, माझ्याच जुन्या टेबलासमोर उभा राहिलो. खुर्चीत नवी बाई होती. तिनं वर न बघता विचारलं, "राजपत्रातली नोंद?" मी म्हणालो, अजून नाही. "मग ती घेऊन या." बरोबर होतं तिचं. मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. पण बाहेर पायरीवर बसून पाणी प्यायलो तेव्हा ती म्हातारी आठवली आणि पाणी कडू लागलं.

राजपत्राची वाट बघता बघता जून गेला. जुलै लागला तसा मी पोटाच्या पासपोर्टच्या मागं लागलो, म्हणजे निदान एक काम पुढं सरकलेलं असेल.

तपासणी केंद्रात मुल्ला मॅडम म्हणून एक तरुण बाई होत्या. मिरजेकडच्या. माझ्यासारख्या रोज वीसजणांना तेच सांगत असतील, तरी त्यांनी मला नीट समजावलं.

"काका, आपण एकटे नसतो," त्या म्हणाल्या. "आपल्या आतड्यात, तोंडात, कातडीवर जिवाणूंची वस्ती असते. शरीराच्या जेवढ्या पेशी, जवळपास तेवढेच जिवाणू. अन्न तेच पचवतात, रोगाशी तेच भांडतात. पण प्रत्येकाकडचे वाण वेगळे. ज्वारी सगळीकडं ज्वारीच, पण गावोगावचं बियाणं वेगळं असतं की नाही, तसं."

बारा वर्षांपूर्वी पेत्रेलवर कुणा प्रवाशाच्या पोटातून असाच एक वाण उतरला. त्याच्यावर कुठलंच औषध चालत नव्हतं. ज्याच्या पोटात तो आला त्याला काही झालं नाही; बेटावरची तीनशे माणसं मात्र साध्या जखमांनी आणि बाळंतपणांनी गेली. चाळीस हजार वस्तीचं बेट, एकच दवाखाना. त्यांनी कायदा केला. बेटावर पाऊल ठेवणाऱ्याच्या अंगात त्यांनी मान्य केलेले दोनशे बारा वाणच असले पाहिजेत. बाकीचे आधी घालवून या.

"घालवायचे कसे? जुलाब देऊन?"

मॅडम हसल्या. "नाही हो. जगात प्रत्येक जिवाणूला खाणारा एक विषाणू असतो. तो त्या एका वाणाला खातो, दुसऱ्याला हातसुद्धा लावत नाही. तुमच्या पोटात कोण कोण आहे ते यंत्र वाचणार, आणि ज्यांना बेटावर परवानगी नाही त्यांना खाणारे विषाणू नेमके शोधून तुमच्यापुरत्या गोळ्या बनवणार. चाळीस दिवस रोज एक गोळी. शेवटच्या दहा दिवसांत मान्य वाणांचं नवं बियाणं पेरायचं. याला निवळणी म्हणतात. दुखत नाही, खुपत नाही."

गरोदर बाईला आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र ही निवळणी चालत नाही. म्हणून सानिकाला येता येत नव्हतं. आली असती, तर परत नवऱ्याकडं जायला तिला तीन वर्षं लागली असती.

आठ दिवसांनी अहवाल आला. मुल्ला मॅडम पडद्याकडं बघत होत्या. "काका, घरात अजून कोण असतं?"

"कुणी नाही. मी एकटा."

"सोबत राहणाऱ्या माणसाचे वाण दिसतायत." त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. "एका घरात, एका ताटातलं खात वर्षानुवर्षं राहिलं की जिवाणूंची देवाणघेवाण होते. नवराबायकोत तर फारच. सरकारी नोंदणीत दुसऱ्या माणसाचा नमुना असला की यंत्र जुळवून दाखवतं."

मंगलच्या शेवटच्या आजारात दवाखान्यानं तिचा नमुना घेतला होता, औषध ठरवायला. तो नोंदणीत राहिला होता. पडद्यावर लिहिलं होतं: एकूण वाण सहाशे चाळीस. जुळणी अठ्ठावन्न, मंगल अनंत पिसाळ. सद्यस्थिती: मृत.

"म्हणजे हे तिचे आहेत?"

"तिच्यापासून तुमच्यात आलेले."

"जिवंत आहेत?"

"हो. तुम्ही जेवता तोवर तेही जेवतात."

मला आधी हसू आलं. मंगलच्या पोटात कधी काही राहायचं नाही. घरातली गोष्ट सकाळी सांगितली की दुपारी ती शेजारच्या जगतापवहिनींना ठाऊक. आणि आता ती माझ्या पोटात चार वर्षं मुकाट राहिली होती. मी हसलो तशा मॅडमही हसल्या, आणि मग मी हसायचा थांबलो तशा त्याही थांबल्या.

"या अठ्ठावन्नातले बेटाला चालणारे किती?"

त्यांनी बघितलं. "एकही नाही, काका."

"बाजूला काढून ठेवता येतील? बाटलीत?"

"गोठवता येतात थोडेफार. पण यादीत आठवा कागद बघा."

आठवा कागद प्रतिज्ञापत्र होतं. जुन्या वाणांचा नमुना मी किंवा माझ्यातर्फे कुणीही, कुठंही राखून ठेवलेला नाही, अशी शपथ. लोक दाखला मिळवून पुन्हा जुने वाण गिळायचे, म्हणून त्यांनी ही पाचर मारली होती. आयुष्यात मी तोंडी खोटं बोललो आहे. शपथेवर कधी बोललो नाही.

गोळ्यांची पेटी घेऊन मी घरी आलो आणि कपाटात ठेवली. सानिकाला सांगितलं की पासपोर्ट हातात पडल्याशिवाय गोळ्या सुरू करण्यात अर्थ नाही, दाखल्याची मुदत तीसच दिवसांची असते, उगाच वाया जायचा. हे खरंच होतं. पण खऱ्या कारणामागं दुसरं कारण लपवणं ही कारकुनाची कला आहे आणि त्यात मी मुरलेला होतो.

त्या दिवसांत मी जेवायला बसायचो तेव्हा एकटा बसल्यासारखं वाटायचं नाही. हा वेडेपणा होता, मला कळत होतं. तरी मी मंगलला आवडणारं करायला लागलो. शेपूची भाजी मला लग्नापासून नको असायची. ती आठवड्यातून दोनदा केली. गोड बेताचं खायचो, तिला साखर वर्ज्य होती म्हणून. जिवाणूंना काय कळतंय! पण चार वर्षांत पहिल्यांदा मला घरी परत जायची घाई वाटायची. तिच्याशी भांडायलासुद्धा मी एक-दोनदा तोंड उघडलं.

ऑगस्टच्या चार तारखेला पोस्टमननं पासपोर्ट आणून दिला. निळं चकचकीत पुस्तक, त्यात माझा चोरासारखा फोटो, जन्मतारीख नऊ नोव्हेंबर. मी सही केली, पासपोर्ट कपाटात गोळ्यांच्या पेटीवर ठेवला आणि दार लावलं.

संध्याकाळी सानिकाचा फोन आला. "अण्णा, काही कळलं का?"

"अजून नाही गं. फाइल वर गेलीय म्हणतात."

माझ्या तोंडून ते इतक्या सफाईनं गेलं की मलाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी वर गेलेल्या फाइलवर कसलासा शेरा पडला. मी मनाशी म्हणत होतो, उद्यापासून सुरू करू. एक दिवस अजून. मंगलच्या वाढदिवसापर्यंत राहू दे. तो गेला. मग सोमवारपासून. ऑक्टोबर लांब होता. सानिका रोज विचारायची, आणि मी तीस वर्षं परक्यांशी जे केलं ते माझ्या पोटच्या मुलीशी करत होतो.

तेवीस तारखेला दुपारी तिनं फोन केला. ही तिची वेळ नव्हती.

"अण्णा, तुमचा अर्ज क्रमांक तुम्हीच मला दिला होता. आठवतंय?"

"हो."

"मी आज बघितलं. पासपोर्ट पोचून एकोणीस दिवस झाले. तुमची सही आहे घेतल्याची."

मी कपाटाच्या दाराकडं बघितलं.

"यायचं नसेल तर तसं सांगा. मी समजून घेईन. पण मला खेळवू नका. मी रोज इथं कॅलेंडरवर दिवस मोजतेय, अण्णा. पोट एवढं झालंय, खाली वाकता येत नाही, आणि मी दिवस मोजतेय."

मग मी तिला सगळं सांगितलं. अठ्ठावन्न. सद्यस्थिती: मृत. शेपूची भाजीसुद्धा सांगितली. बोलताना मला लाज वाटत होती आणि तरी बरं वाटत होतं, कारण हे सांगावं असं जगात दुसरं कुणी नव्हतं.

पलीकडं तिनं खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"माझ्यातही होते," ती म्हणाली. "जन्मताना आईकडूनच येतात ते. करारावर सही केली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. गोळ्या गिळताना माझ्या मनात आलंसुद्धा नाही की हे काय जातंय. आई तेव्हा होती ना. पुन्हा भेटणारच होती." ती थांबली. "आई गेली तेव्हा मला बाहेर पडायचा परवाना मिळायला नऊ दिवस लागले. ती पाच दिवसांत गेली. तुम्हाला तरी ती शेवटपर्यंत होती. आणि नंतरही होती."

"सानिका..."

"मी तुम्हाला गोळ्या घ्या म्हणणार नाही. आईला घालवा असं मी कसं म्हणू? पण मला भीती वाटते. एवढंच सांगते. मी नर्स आहे, सगळं माहीत आहे, आणि मला भीती वाटते."

फोन ठेवून मी कपाट उघडलं. आपण इतके दिवस कुणाला सांभाळतोय, हे मला त्या क्षणी कळलं, असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मला गोळी घ्यायची नव्हती. पण माझी मुलगी घाबरली होती. मी पेटीतली पहिली गोळी पाण्याबरोबर घेतली आणि नंतर मंगलच्या फोटोसमोर बसून राहिलो. सॉरी म्हणालो. आमच्यात सॉरी म्हणायची पद्धत नव्हती.

निवळणीत बाहेरचं काही खायचं नसतं. केंद्रातून बंद डबे येत. उकळलेलं पाणी, वाफवलेलं अन्न, दही-ताक बंद, कच्चं काही नाही. मी नियमाचा माणूस. गणपतीचे दिवस आले, घरोघरी बोलावणी झाली, मी प्रत्येक घरी हात जोडून मोदकाकडं नुसतं बघून आलो. हिशोब घट्ट होता, पण बसत होता. एक ऑक्टोबरला गोळ्या संपणार, पाच दिवसांत दाखला, दहाला विमान. बाळंतपणाला आठ दिवस बाकी.

बत्तिसाव्या दिवशी जगतापवहिनींकडं सत्यनारायण होता. त्यांच्या नव्या घराचा. मंगलची जिवाभावाची मैत्रीण. गेलो नसतो तर बरं दिसलं नसतं. जेवणार नाही, असं आधीच सांगून ठेवलं होतं. कथा ऐकली, आरती झाली, नमस्कार केला. भटजी ओळीनं सगळ्यांना तीर्थ देत आले. साठ वर्षांची सवय. समोर पळी आली की उजवा हात आपोआप खोलगट होतो, डावा त्याखाली जातो. भटजींनी पळीभर पंचामृत घातलं, मी ते प्यायलो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

हात डोक्यावर असतानाच मला कळलं. कच्चं दूध. घरचं दही.

"अहो, काय झालं?" जगतापवहिनी म्हणाल्या. "पांढरेफटक पडलात."

दुसऱ्या दिवशी मुल्ला मॅडमनी नमुना तपासला. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळं मला जास्त वाईट वाटलं. पंचामृतातले सात नवे वाण आले होते. त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या बनवायच्या आणि पेरणी पुन्हा करायची. आणखी बारा दिवस.

"तीर्थ नाही म्हणता येत नाही ना, काका," त्या म्हणाल्या. "आमच्याकडंही असतंच की. हातावर आलेलं."

एकोणीस दिवस मी कपाटात कोंडून ठेवले नसते, तर त्या हिशोबात हे बारा दिवस सहज पचले असते. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सानिकाला फोन करून मी खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "पंचामृत गोड होतं का?" मी म्हणालो, होतं. ती हसली आणि गप्प झाली.

सोळा ऑक्टोबरला, दोन दिवस आधीच, ती बाळंत झाली. मुलगी. मी तेव्हा केंद्राच्या बाकावर दाखल्याच्या सहीसाठी बसलो होतो. सही करणारे साहेब जेवायला गेले होते.

पंचवीस तारखेला मी पेत्रेलवर उतरलो. विमानतळ म्हणजे एक लांब पत्र्याची शेड आणि पलीकडं निळं पाणी. एका अधिकारी बाईनं माझ्या तोंडातून, तळहातावरून कापूस फिरवला, यंत्राकडं बघितलं, अकरा कागद एकेक करून चाळले. तिची पद्धत उत्तम होती. शेवटी तिनं शिक्का मारला आणि वरची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली: बाह्य जीव, काही नाही.

तेओ न्यायला आला होता. त्याला चार मराठी शब्द येत होते, ते त्यानं सगळे वापरले. सामान मागं टाकलं आणि गाडी हाकली. घर टेकडीवर होतं. दारात सानिका उभी होती, बाळाला खांद्यावर घेऊन. माझ्या मनात जी चोवीस वर्षांची मुलगी होती ती नव्हती. डोळ्यांखाली काळं झालं होतं, केस कसेही बांधलेले. मी चपला काढेपर्यंत तिला धीर धरवला नाही. ती पुढं आली आणि बाळाला एका बाजूला घेऊन तिनं माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग मागं सरली.

"काय गं?"

"काही नाही. तुम्हाला वास नाही, अण्णा." तिनं ओठ आवळले. "अंगाचा वास कातडीवरच्या जिवाणूंचा असतो. निवळणीत तो जातो. मला माहीत होतं. तरी वाटलं होतं, तुम्ही आलात की आपल्या घराचा वास येईल."

"मला उशीर झाला, बाळा. माझ्या चुकीनं झाला."

"हो, झाला," ती म्हणाली. तिनं ते सोडून दिलं नाही आणि धरूनही ठेवलं नाही. "कळा आल्या तेव्हा मी आईला हाक मारली. मग तुम्हाला मारली. तेओनं हात धरला होता बिचाऱ्यानं. पण त्या वेळी ओरडायला आपली भाषा लागते."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"हिला धरा," ती म्हणाली. "मान सांभाळा. नऊ दिवस मी सलग तासभरसुद्धा झोपलेले नाही. तेओकडं देते, पण डोळा लागत नाही. आता लागेल."

तिनं बाळ माझ्या हातात दिलं, खाटेवर गेली आणि कूस बदलायच्या आत झोपली. लहानपणी झोपायची तशी, गुडघे पोटाशी घेऊन. मी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलो. भर दुपार होती. खाली कुठंतरी तेओ हातोडीनं काहीतरी ठोकत होता, मग त्याच्या लक्षात आलं असावं, तो थांबला.

माझ्या खिशात तो शिक्क्याचा कागद होता. गोळ्या घेत असताना मला वाटायचं की शेवटची गोळी गिळली की आत काहीतरी रितं होईल, मंगल तेवढी दूर जाईल, आणि एका परीनं मी सुटेन. यंत्राच्या मते ती आता माझ्यात कणभरही नव्हती. आणि चार वर्षांत एकदाही आली नव्हती एवढी तिची आठवण मला त्या खुर्चीत आली. ती कुठून आली ते विचारायला तिथं मुल्ला मॅडम नव्हत्या. मला मंगल हवी होती. तिचे अठ्ठावन्न वाण नव्हेत. चष्मा कपाळावर चढवून जवळ येणारी, माझ्या हातातून बाळ काढून घेणारी ती हवी होती.

बाळानं डोळे उघडले. काळेभोर डोळे, लालबुंद चेहरा, एवढंसं नाक. मी तिच्याकडं खूप वेळ बघितलं. ती कुणावर गेलीय ते मला काही केल्या ठरवता येईना. असल्या गोष्टी मंगलला एका नजरेत कळायच्या. तिला विचारावं म्हणून मी सवयीनं मान वळवली, आणि शेजारी कुणी नव्हतं.